पायांच्या तब्येतीची प्रश्नावली स्पॅनिशमध्ये नेताना: नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

स्पॅनिश शिकून ट्रान्सलेशनच्या लाइनीत आलेले, किंवा फिजिओथेरपी करून रिसर्चकडे वळलेले आपल्याकडचे बरेच जण विचारतात की प्रश्नावलीचं व्हॅलिडेशन, म्हणजे ती जे मोजायचं तेच नीट मोजते का हे तपासणं, ह्यात नेमकं करायचं काय, भाषांतर झालं की काम संपलं ना? नाही संपत, तिथून सुरू होतं. म्हणून एकदा नीट सगळं लिहिते. उदाहरण घेते पायांच्या प्रश्नावलीचं, कारण मी ह्याच कामात जास्त राहिलेय आणि पाय हा विषय बाहेरून दिसतो तेवढा साधा नाही.

आधी ही प्रश्नावली काय असते ते बघू. खूप वापरली जाणारी एक म्हणजे फूट हेल्थ स्टेटस क्वेश्चनेअर, ऑस्ट्रेलियात पॉल बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली, १९९८ ची. पायांबद्दलचे मुख्य प्रश्न फक्त १३. त्यातले ४ दुखण्याबद्दल, ४ पायांमुळे काम, चालणं, जिने चढणं किती अडतं त्याबद्दल, ३ चपला-बुटांबद्दल आणि २ एकूण पायांची तब्येत कशी वाटते त्याबद्दल. प्रत्येक भागाला ० ते १०० मार्क, १०० म्हणजे उत्तम. ह्याच्या जोडीला सर्वसाधारण तब्येतीचेही प्रश्न असतात, ते एसएफ-३६ ह्या प्रसिद्ध प्रश्नावलीच्या धर्तीवरचे. डॉक्टर एक्स-रे बघून सांगू शकतो की हाड किती वाकलंय, पण त्या माणसाला बाजारातून भाजी आणताना मध्ये कितीदा थांबावं लागतं हे एक्स-रेत दिसत नाही. ते फक्त तो माणूसच सांगू शकतो, आणि त्याच्या भाषेत विचारलं तरच.

तर पहिली पायरी, काहीही सुरू करायच्या आधी शोधा की हे काम आधीच झालंय का. ह्या प्रश्नावलीची स्पेनसाठीची स्पॅनिश आवृत्ती मालागा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१३ मध्ये छापलीये, अँटोनियो कुएस्ता-वर्गास आणि मंडळी, आणि स्वतः बेनेट त्या पेपरमध्ये सहलेखक आहेत. म्हणजे तुम्ही उद्या उठून स्पेनसाठी तीच प्रश्नावली परत भाषांतर करायला घेतलीत तर सहा महिने वाया. मग काम कुठे उरतं? दुसऱ्या देशाच्या स्पॅनिशसाठी उरतं, वेगळ्या पेशंटांसाठी उरतं (डायबेटिसवाले, संधिवातवाले), आणि ज्या प्रश्नावल्या अजून स्पॅनिशमध्ये गेल्याच नाहीत त्यांच्यासाठी तर उरतंच. शोधताना जवळच्या बाकी प्रश्नावल्याही बघा, उदाहरणार्थ १९९१ चा फूट फंक्शन इंडेक्स, त्यात २३ प्रश्न आहेत आणि तो मुळात संधिवाताच्या पेशंटांवर तयार झाला, किंवा २००० ची मँचेस्टरची पायदुखीची प्रश्नावली. ह्या दोन्हींत मार्क जास्त म्हणजे त्रास जास्त, बेनेटच्या उलट. हे आत्ताच वहीत लिहून ठेवा, शेवटी आकडेमोडीत लागणार आहे.

दुसरी, परवानगी. मूळ लेखकांना किंवा ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना मेल करा, भाषांतर करू का, कुठल्या देशासाठी, स्कोअरिंग कसं करायचं हे सगळं लेखी घ्या. "नेटवर पीडीएफ सापडली" ही परवानगी नव्हे. उत्तर यायला वेळ लागतो म्हणून हे पहिल्या आठवड्यातच करून टाका. त्याच मेलमध्ये अजून एक विचारा, आणि हे फार थोडे लोक विचारतात: प्रत्येक प्रश्न लिहिताना तुमच्या मनात नेमकं काय होतं? एकेका प्रश्नाला एकेक ओळ मिळाली तरी पुढे महिनाभराचे वाद वाचतात.

आता टीम. इथे आपल्या लोकांना थोडं वाईट वाटेल असं सांगते. तुमचं स्पॅनिश कितीही चांगलं असो, डेलेची, म्हणजे स्पॅनिशच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटची, वरची परीक्षा पास असाल तरी, इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये मूळ भाषांतर तुम्ही करायचं नाही. ते ज्याची मातृभाषा स्पॅनिश आहे त्यानेच करायचं. ह्या कामाची जी पद्धत जगभर पाळतात, २००० मध्ये डॉर्कस बीटन आणि सहकाऱ्यांनी लिहून ठेवलेली, तिच्यात दोन जणांनी वेगवेगळं भाषांतर करायचं असतं, एक विषय माहीत असलेला, म्हणजे इथे पोदोलोगो, स्पेनमध्ये पायांच्या स्पेशालिस्टला हेच म्हणतात, आणि दुसरा ज्याला विषयाचा गंधही नाही. दुसरा का? कारण पोदोलोगो नकळत दवाखान्याची भाषा लिहितो आणि दुसरा लिहितो ती घरातली भाषा. आपलं काम मधलं असतं, दोन भाषांतरं शेजारी ठेवून फरक काढणं, प्रत्येक निर्णय नोंदवणं, उलट भाषांतर ताडून बघणं, पुढे डेटा. हे काम दुय्यम अजिबात नाही. प्रोजेक्ट कोसळतो तो बहुतेक वेळा नोंदी नसल्यामुळेच कोसळतो.

दोन भाषांतरं आली की एक्सेलमध्ये चार रकाने करा: मूळ, पहिलं, दुसरं, ठरलेलं. आणि पाचवा रकाना, का ठरलं. तो पाचवा रिकामा ठेवू नका, तीन महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही.

आता खरी गंमत, शब्द. दुखण्याचं बघा. मूळ प्रश्नावलीत पाय बारीक सतत दुखतात का हे वेगळं विचारलंय आणि झटक्यात तीव्र कळ येते का हे वेगळं. इंग्रजीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत, स्पॅनिशमध्ये रोजच्या बोलण्यात दोन्हींना दोलोरच म्हणतात. मग एकाला काय म्हणायचं? पुस्तकात दोलोर सोर्दो सापडतं, शब्दशः बहिरं दुखणं, डॉक्टरला कळतं पण आजीबाईंना कळेलच असं नाही. मोलेस्तिआ लिहिलं तर ते दुखण्यापेक्षा नुसती अडचण, कटकट असं वाटतं, म्हणजे तीव्रता घसरली. दुसऱ्याला पिंचाथो बरोबर बसतं, टोचल्यासारखी चमक. आपण मराठीवाले इथे खरंच उपयोगी पडतो कारण आपल्याकडे ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, रग लागणं वेगळं, आग होणं वेगळं. त्यामुळे फरक कुठे हरवतोय ते आपल्या कानाला पटकन लागतं. आणि एक छान गोष्ट, पायाला मुंग्या येतात ह्याला स्पॅनिशमध्ये ओर्मिगेओ म्हणतात, तोही शब्द मुंगीवरूनच आलाय. इंग्रजीत तिथे टाचण्या आणि सुया आहेत. म्हणून इंग्रजी शब्दाच्या मागे धावायचं नाही, त्या माणसाला जे जाणवतं त्याच्या मागे जायचं.

अजून असेच छोटे खड्डे. देदो म्हणजे हाताचंही बोट आणि पायाचंही, आपल्यासारखंच, म्हणून दर वेळी "पायाचं" लिहायलाच लागतं. पिए म्हणजे फक्त घोट्याखालचा भाग, इथे स्पॅनिश आपल्यापेक्षा स्पष्ट आहे, मराठीत पाय म्हटलं की मांडीपासून सगळं आलं. उत्तरांच्या पर्यायातला रेगुलार दिसतो "नियमित"सारखा पण त्याचा अर्थ "ठीकठाक, यथातथा", आणि इंग्रजीतल्या चांगल्या-वाईटाच्या मधल्या पर्यायाला तोच हवा. बास्तांते हा शब्द कुठे "बऱ्यापैकी" तर कुठे "भरपूर" वाटतो, त्यामुळे तो मधल्या पायरीवर ठेवायच्या आधी तपासा. मी तपासते ते असं: पर्यायांचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे, टेबलावर ० ते १० ची रेघ काढायची आणि दहा-बारा लोकांना सांगायचं, ह्या चिठ्ठ्या रेघेवर ठेवा. दोन चिठ्ठ्या सगळेच एकमेकांना चिकटून ठेवत असतील तर तुमच्या पाच पायऱ्या खरं तर चारच आहेत. अर्ध्या तासाचं काम आहे आणि नंतरची डोकेदुखी वाचते.

मग उलट भाषांतर. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे आणि ज्यांनी मूळ प्रश्नावली पाहिलेली नाही अशा दोघांनी स्पॅनिशचं परत इंग्रजी करायचं. ते मुळाशी जुळलं की सगळ्यांना हायसं वाटतं, आणि मला तिथेच भीती वाटते. का ते सांगते.

एका प्रोजेक्टात बुटांबद्दलचा एक प्रश्न होता, की पायांच्या त्रासामुळे तुम्ही घालू शकता अशा बुटांची संख्या कमी झालीये का. दोन्ही भाषांतरकारांनी "नूमेरो दे थापातोस" लिहिलं, बुटांची संख्या. उलट भाषांतर तंतोतंत जुळून आलं. तज्ज्ञांच्या कमिटीत पोदोलोगो, भाषातज्ज्ञ, स्टॅट्सवाले, दोघे भाषांतरकार असे सगळे होते, त्यांनी ह्या प्रश्नावर एक मिनिटही घालवलं नाही. पुढची पायरी होती इंटरव्ह्यू, म्हणजे खऱ्या पेशंटला प्रश्न वाचायला द्यायचा आणि विचारायचं की तुम्हाला ह्यात काय विचारलंय असं वाटतं. मी व्हिडिओ कॉलवर ऐकत होते, तिकडे दक्षिण स्पेनच्या आंदालुसियातल्या एका क्लिनिकमध्ये पोदोलोगियाची विद्यार्थिनी समोर बसलेली. पेशंट सत्तरीच्या बाई, दोन्ही पायांच्या अंगठ्यापाशी हाड बाहेर आलेलं, बुटाला बाजूने ब्लेडने कापून जागा केलेली, कॅमेऱ्यात ती कापलेली कड दिसत होती. बाईंनी प्रश्न वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, अडतीस. विद्यार्थिनीला आधी कळेना. मला मात्र लगेच कळलं, कारण आपणही दुकानात हेच विचारतो, कितवा नंबर? स्पॅनिशमध्ये नूमेरो म्हणजे संख्याही आणि बुटाचा नंबरही. बाईंनी प्रश्न वाचला तो असा, की तुमच्या नंबरामुळे तुम्हाला अडचण येते का, आणि त्यांचा नंबर अडतीस, तो कुठल्याही दुकानात मिळतो, म्हणून त्या म्हणाल्या अडचण काही नाही. बूट ब्लेडने कापून घालणाऱ्या बाईंच्या कागदावर "अजिबात अडचण नाही" अशी खूण झाली असती आणि कुणाला कधी कळलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शब्द बरोबर असणं आणि प्रश्न तोच असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट भाषांतर पहिली तपासतं, दुसरी फक्त पेशंटसमोर बसूनच कळते.

तर इंटरव्ह्यू कसा घ्यायचा ते जरा सविस्तर. साधारण ३० ते ४० लोक हे पद्धतीत सांगितलंय, वय, शिक्षण, बाई-पुरुष, आजार सगळं मिसळून घ्या, फक्त युनिव्हर्सिटीच्या आसपासचे सुशिक्षित घेऊ नका. "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की हा प्रश्न तुमच्या बहिणीला तुमच्या शब्दांत कसा विचाराल? ह्या पर्यायावर खूण का केलीत? "गेल्या आठवड्यात" म्हणजे तुमच्या डोक्यात कुठल्या दिवसापासून? आणि मग गप्प बसा. नवीन माणसाला गप्प बसणं फार जड जातं, पेशंट अडखळला की आपण मदत करतो आणि तेवढ्यात ते अडखळणं वाया जातं. अडखळणं हाच तर डेटा आहे. बोली जशीच्या तशी उतरवा, सुधारून लिहू नका. चष्मा घरी राहिला असं कुणी म्हणालं तर आग्रह करू नका, कधी चष्माच राहिलेला असतो, कधी वाचता येत नसतं. अशा वेळी प्रश्न वाचून दाखवा, पण कागदावर नोंद करा की वाचून दाखवलं, कारण वाचून दाखवलेल्या प्रश्नाचं उत्तर थोडं वेगळं येऊ शकतं. आणि फॉर्म मोठ्या अक्षरांत छापा, प्लीज.

एथिक्स कमिटी आणि संमतीपत्र ह्याबद्दल फार लिहीत नाही, स्पेनमध्ये डेटा संरक्षणाचा २०१८ चा कायदा आहे आणि तब्येतीची माहिती विशेष संवेदनशील धरतात, तिकडची युनिव्हर्सिटी ते बघते. फक्त एक लक्षात ठेवा, इंटरव्ह्यूसुद्धा कमिटीच्या मंजुरीनंतरच घ्यायचे, आधी नाही.

शब्द पक्के झाले की मग आकड्यांचा भाग. किती लोक घ्यायचे? कॉस्मिन नावाची नेदरलँड्समधून सुरू झालेली, अशा प्रश्नावल्या तपासायची जी नियमावली आहे तिच्या हिशोबाने फॅक्टर अ‍ॅनालिसिसला (कुठले प्रश्न एका गटात बसतात ते बघायची आकडेमोड) प्रश्नांच्या सातपट आणि किमान १००, म्हणजे १३ प्रश्नांना ९१ होतात पण तुम्ही १०० च्या खाली जायचं नाही, आणि अर्धवट भरलेले फॉर्म येतातच म्हणून थोडे जास्तच घ्या. आतला मेळ, म्हणजे एका भागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, ते बघायला क्रॉनबाखचा अल्फा हा आकडा, ०.७० च्या वर हवा, ०.९५ च्या वर गेला तर खूश होऊ नका, तेव्हा एकच प्रश्न दोनदा विचारला जातोय का ते बघा. दोनच प्रश्न असलेल्या भागात अल्फावर फार विसंबू नका. मूळचे चार भाग स्पॅनिशमध्येही चारच निघतात का ते कन्फर्मेटरी फॅक्टर अ‍ॅनालिसिसने बघायचं, डेटा त्या रचनेत किती बसतो हे सांगणारे दोन आकडे, सीएफआय ०.९५ च्या आसपास आणि आरएमएसईए ०.०६ च्या आसपास असेल तर बरं. आणि १५ टक्क्यांहून जास्त लोक एकदम ० वर किंवा एकदम १०० वर बसले असतील तर तिथे प्रश्नावलीला फरक दिसत नाहीये असं समजा.

पुन्हा तोच फॉर्म त्याच माणसाला देऊन उत्तर तेच येतं का हे तपासताना, पायांच्या क्लिनिकमध्ये एक चूक हमखास होते. स्पेनमध्ये लोक पोदोलोगोकडे बहुतेक किरोपोदियासाठी जातात, म्हणजे घट्टे आणि कुरूप तासून घेणं, नखं नीट करणं. कुरूप तासलं की दुखणं त्याच दिवशी उतरतं. तुम्ही पहिला फॉर्म खुर्चीत बसायच्या आधी भरून घेतला आणि दुसरा पंधरा दिवसांनी, तर उत्तरं बदललेली येणार आणि तुम्ही म्हणणार प्रश्नावली विश्वासार्ह नाही. प्रश्नावली बिचारी बरोबर सांगतेय, पाय खरंच बरा झालाय. म्हणून एकतर मधल्या काळात उपचार होणार नाहीत असे लोक घ्या, वेटिंगवरचे वगैरे, किंवा ज्यांचा त्रास जुना आणि स्थिर आहे ते. प्रश्न "गेल्या आठवड्या"बद्दल असतील तर मध्ये आठवड्याहून जास्त अंतर ठेवा, नाहीतर दोन्ही वेळी तो माणूस त्याच दिवसांबद्दल बोलतोय, साधारण दोन आठवडे ठीक. दुसऱ्या वेळी एक जादा प्रश्न घाला, मागच्यापेक्षा पायात काही फरक पडलाय का, आणि ज्यांनी हो म्हटलं त्यांना ह्या हिशोबातून बाजूला काढा. निदान ५० लोक तरी हवेत.

ह्यातून आयसीसी येतो, म्हणजे दोन वेळचे मार्क किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७० च्या वर हवा. पण आयसीसी लिहून थांबू नका, क्लिनिकमधल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. समजा तुमच्या लोकांच्या मार्कांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (मार्क सरासरीभोवती किती पसरलेत ते) २० आलं आणि आयसीसी ०.९१. मोजमापातली चूक म्हणजे २० गुणिले (१ वजा ०.९१) चं वर्गमूळ, ते ०.३, म्हणजे ६ मार्क. त्याला १.९६ ने आणि २ च्या वर्गमूळाने गुणा, साधारण १६.६ येतात. अर्थ असा की एका पेशंटचे मार्क १० ने वाढले तर तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही की तो सुधारलाय, १७ ने वाढले तर म्हणू शकता. ही एक ओळ पेपरमध्ये नक्की लिहा, क्लिनिकवाल्यांना तीच हवी असते.

दुसऱ्या प्रश्नावल्यांशी तुलना करताना अंदाज आधी लिहून ठेवा, डेटा उघडायच्या आधी, तारीख घालून. म्हणजे उदाहरणार्थ, आपला दुखण्याचा भाग आणि फूट फंक्शन इंडेक्सचा दुखण्याचा भाग ह्यांचं नातं उलट आणि ठसठशीत, कोरिलेशनचा आकडा वजा ०.५० च्या पलीकडे असेल (आधी वहीत लिहायला सांगितलं होतं ते हेच, दिशा उलट आहेत), बुटांचा भाग आणि सर्वसाधारण तब्येत ह्यांचं नातं ढिलं असेल, पाय दुखणाऱ्यांचे मार्क न दुखणाऱ्यांपेक्षा कमी असतील. असे अंदाज लिहा, आणि चारातले तीन तरी खरे ठरले तर प्रश्नावली जे मोजायचं तेच मोजतेय असं मानतात. डेटा बघून मग अंदाज लिहिणारे लोक मी पाहिलेत, कृपया तसं करू नका, त्या मार्कांवर उद्या कुणाच्या तरी पायाचा निर्णय होणार असतो.

शेवटचं राहिलं ते देशाचं. स्पॅनिश वीसेक देशांची भाषा आहे आणि स्पेनचा फॉर्म मेक्सिकोत तसाच चालत नाही. स्पेनमध्ये थोडं चालणं मोजायला मांथाना म्हणतात, म्हणजे चार रस्त्यांमधला घरांचा एक गट (त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सफरचंद), लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी क्वाद्रा. स्पोर्ट्स शूज मेक्सिकोत तेनिस, स्पेनमध्ये थापातियास, आणि थापातियास म्हणजे घरातल्या सपाताही.

त्या अडतीस नंबरवाल्या बाईंचा प्रश्न आम्ही सोडवला तो त्यांच्याच वाक्याने. विद्यार्थिनीने त्यांना विचारलं की मग बुटांचं तुमचं कसं चालतं, तर त्या म्हणाल्या, "पोकोस मे वालेन, इखा," म्हणजे मला थोडेच बसतात गं पोरी. "वालेर" हे बूट-कपडे मापाला बसण्यासाठी स्पेनमध्ये अगदी रोजचं क्रियापद, ते घेतलं, पुढच्या बारा लोकांना दाखवलं, एकानेही नंबर सांगितला नाही. पण हाच फॉर्म मेक्सिकोला द्यायची वेळ आली तेव्हा तिकडच्या भाषांतरकाराने पहिल्या वाचनातच हे वाक्य लाल केलं, कारण तिकडे "मे वाले" म्हटलं की लोकांना ऐकू येतं, मला काही फरक पडत नाही. तो प्रश्न मेक्सिकोसाठी परत पहिल्या पायरीपासून केला, नवीन दोन भाषांतरं, नवीन इंटरव्ह्यू. तेव्हापासून आमच्या प्रत्येक फॉर्मच्या तळाशी देश, आवृत्ती आणि तारीख बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि जुने छापील गठ्ठे आम्ही क्लिनिकच्या ड्रॉवरमधून परत मागवून घेतो.